टाळ्यांच्या पलीकडे : आरोग्य कर्मचाऱ्यांची 'नैतिक घुसमट' मुलांना कशी समजावून सांगावी?



'कोरोना योद्धा' हा निबंधाचा विषय आपल्या शाळांत आता 'माझा आवडता ऋतू'इतकाच ओळखीचा झाला आहे. मुलं तो लिहितातही छान. पांढऱ्या कोटातला देव, जिवाची पर्वा न करणारा सैनिक, सलाम, टाळ्या... सगळं येतं. पण एक गोष्ट त्यात सहसा येत नाही. त्या डॉक्टरांना, सिस्टरना, गावातल्या आशाताईंना त्या दिवसांत आतून काय सोसावं लागलं? आणि ते का सोसावं लागलं?

आपल्या वर्गात अशा कितीतरी घरांतली मुलं बसलेली असतात. कुणाची आई नर्स, कुणाचे बाबा वॉर्डबॉय, कुणाची मावशी आशा सेविका. काही मुलांनी त्या काळात घरातलं माणूस गमावलेलंही असतं. म्हणून हा विषय नीट समजून घेऊनच वर्गात न्यायला हवा. हा पाठ साधारण आठवी ते दहावीच्या मुलांसाठी आहे. आधी आपण मोठ्यांनी समजून घेऊ, मग वर्गात कसा घ्यायचा ते पाहू.

१. थकवा, बर्नआऊट आणि नैतिक घुसमट : तीन वेगळ्या गोष्टी

रोजच्या बोलण्यात आपण तिन्हींना 'दमलो बाबा' एवढंच म्हणतो. पण फरक आहे.

थकवा : शरीर दमतं. झोप झाली, दोन दिवस सुट्टी मिळाली की उतरतो.

बर्नआऊट : हा शब्द या अर्थाने रूढ केला तो हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने, १९७४ मध्ये. न्यूयॉर्कमधल्या एका मोफत दवाखान्यात मनापासून काम करणारी माणसं हळूहळू कोरडी पडत जाताना त्याने पाहिली. पुढे ख्रिस्तीना मास्लाक यांनी १९८१ मध्ये सहकाऱ्यासोबत बर्नआऊट मोजण्याची प्रश्नावली तयार केली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात बर्नआऊटची तीन लक्षणं दिली : शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल मन उडणं किंवा कडवटपणा येणं, आणि 'माझ्या हातून काही नीट होत नाही' असं वाटणं. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. संघटनेने बर्नआऊटला आजार म्हटलेलं नाही. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ नीट हाताळला गेला नाही तर उद्भवणारी ती अवस्था आहे, असं म्हटलं आहे. म्हणजे त्याचं मूळ कामाच्या ठिकाणी शोधायचं, माणसाच्या कमकुवतपणात नव्हे.

नैतिक घुसमट : ही कल्पना मांडली अँड्र्यू जेमटन या अमेरिकन अभ्यासकाने, १९८४ मध्ये, परिचारिकांच्या कामाचा अभ्यास करताना. साध्या भाषेत सांगायचं तर : योग्य काय आहे हे मला कळतंय, ते करायची माझी इच्छाही आहे, पण परिस्थिती मला ते करू देत नाही. माणसं कमी, साधनं कमी, नियम आडवे, किंवा निर्णय माझ्या हातात नाही. आणि तरीही रुग्णाच्या उशाशी उभं राहायचं ते मीच.

थकवा झोपेने जातो. घुसमट झोपेने जात नाही, उलट ती झोपच घालवते.

आपण शिक्षक ही गोष्ट लवकर ओळखू शकतो. शाळा बंद असताना ऑनलाईन वर्ग सुरू झाले. घरात एकच मोबाईल आणि तीन भावंडं, अशी मुलं हळूहळू दिसेनाशी झाली. त्या मुलाला काय हवंय हे शिक्षकाला पक्कं माहीत होतं, पण देता येत नव्हतं. तो सल आठवून पाहा. रुग्णालयात तोच सल होता, फक्त तिथे समोर श्वासासाठी धडपडणारा माणूस होता.

२. त्या काळात काय घडलं? थोडा क्रम लावू या

भारतातला पहिला कोविड रुग्ण ३० जानेवारी २०२० रोजी केरळमध्ये सापडला. महाराष्ट्रात ९ मार्चला पुण्यात पहिले रुग्ण आढळले. ११ मार्चला जागतिक आरोग्य संघटनेने महामारी असल्याचं सांगितलं. आता पुढच्या तारखा मुलांना फळ्यावर लिहून दाखवाव्यात अशा आहेत.

- २२ मार्च २०२० : जनता कर्फ्यू. संध्याकाळी पाच वाजता देशभर टाळ्या आणि थाळ्या.
- २४ मार्च : दिल्लीतल्या निवासी डॉक्टरांची सरकारकडे तक्रार. संसर्गाच्या भीतीने घरमालक डॉक्टरांना घर सोडायला सांगताहेत.
- १९ एप्रिल : चेन्नईत कोविडने गेलेल्या एका डॉक्टरांच्या दफनाला जमावाचा विरोध. रुग्णवाहिकेवर दगडफेक. शेवटी रात्री एका सहकारी डॉक्टरने स्वतः फावडं हातात घेऊन मित्राला माती दिली.
- २२ एप्रिल : आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यांसाठी सात वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद करणारा केंद्राचा अध्यादेश.

टाळ्या आणि दगड यांच्यात एक महिन्याचंही अंतर नाही. 'असं का झालं असेल?' हा प्रश्न मुलांना विचारा आणि थोडा वेळ थांबा. मुलं 'भीती' हे उत्तर देतात. ते बरोबरच आहे. मग पुढचा प्रश्न : भीती डॉक्टर-नर्सनाही होतीच ना? ती त्यांनी कुठे ठेवली?

३. घुसमट नेमकी कुठून आली?

(अ) कोणाला आधी? मार्च २०२० मध्ये इटलीच्या उत्तर भागात, विशेषतः बेर्गामो परिसरात, रुग्ण इतके वाढले की अतिदक्षता विभागातल्या खाटा पुरेनात. ६ मार्चला तिथल्या भूलतज्ज्ञ आणि अतिदक्षता तज्ज्ञांच्या संघटनेला एक मार्गदर्शक दस्तऐवज काढावा लागला : खाटा कमीच पडल्या तर त्या कोणाला द्यायच्या? एरवी डॉक्टर समोरच्या रुग्णासाठी शक्य ते सगळं करतात. इथे त्यांना दोन रुग्णांतून एक निवडायची वेळ आली. निवड बरोबर असली तरी ज्याला नाही म्हटलं त्याचा चेहरा विसरता येत नाही.

(आ) ऑक्सिजन. आपल्याकडे हे टोक आलं ते एप्रिल-मे २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेत. देशात रोजची रुग्णसंख्या चार लाखांच्या वर गेली. पहिल्या लाटेत वैद्यकीय ऑक्सिजनची सर्वाधिक मागणी दिवसाला सुमारे ३,०९५ मेट्रिक टन होती, दुसऱ्या लाटेत ती ९,००० टनांच्या आसपास पोहोचली, म्हणजे जवळपास तिप्पट. २१ एप्रिलला नाशिकच्या महापालिका रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, पुरवठा खंडित झाला आणि वीसहून अधिक रुग्ण दगावले. अशा वेळी वॉर्डात उभ्या असलेल्या नर्सकडे ज्ञान आहे, हात आहेत, इच्छा आहे. फक्त पाईपमध्ये ऑक्सिजन नाही.

(इ) इंजेक्शनची धावपळ. रेमडेसिविरसाठी रात्र-रात्र रांगा लागल्या हे आपल्याला आठवत असेल. जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्येच रुग्णालयात दाखल कोविड रुग्णांसाठी ते वापरू नये असा सल्ला दिला होता, कारण त्याने मृत्यू टळतात असा पुरेसा पुरावा नव्हता. पण दारात उभा असलेला मुलगा म्हणतोय, 'डॉक्टर, चिठ्ठी लिहून द्या, मी कुठूनही आणतो.' लिहून दिली तर तो दागिने विकून काळ्या बाजारात जाणार. नाही दिली तर 'माझ्या बापासाठी काही केलं नाही' असं आयुष्यभर म्हणणार. काय करायचं?

(ई) शेवटची भेट. संसर्गाच्या नियमांमुळे नातेवाईक आत येऊ शकत नव्हते. अंगावर पीपीई किट, चेहरा झाकलेला, चष्म्यावर वाफ. ते किट घातलं की सहा-सहा तास पाणी नाही, बाथरूम नाही. मरणाऱ्या माणसाच्या जवळ मुलगा-सून नाही, तर ही किटमधली अनोळखी सिस्टर. तिला कळत होतं की या आजोबांच्या जवळ त्यांचं माणूस असायला हवं. पण तिला दार उघडता येत नव्हतं. अनेक ठिकाणी परिचारिकांनी स्वतःच्या मोबाईलवरून व्हिडिओ कॉल लावून दिले. जिथे तेही जमलं नाही, तिथे ती गोष्ट मनात राहून गेली.

(उ) माणसंच कमी. अतिदक्षता विभागात एक-दोन रुग्णांमागे एक नर्स असणं अपेक्षित असतं. लाटेत हा हिशोब कुठल्या कुठे गेला. डॉक्टरांचंही तेच. पदव्युत्तर प्रवेशाची नीट-पीजी परीक्षा मे २०२१ मध्ये किमान चार महिने पुढे ढकलली गेली. ती सप्टेंबरमध्ये झाली आणि प्रवेशाची समुपदेशन फेरी जानेवारी २०२२ मध्ये सुरू झाली. परिणाम? निवासी डॉक्टरांच्या तीन बॅचचं काम दोन बॅचना करावं लागलं. बर्नआऊटचं मूळ कामाच्या रचनेत असतं म्हणतात, ते हे असं.

४. आशाताईंची घुसमट वेगळी

आपल्या गावातल्या आशाताईंना विसरून चालणार नाही. त्यांनी घरोघरी जाऊन ताप मोजला, ऑक्सिजनची पातळी तपासली, बाहेरगावाहून आलेल्यांची नोंद ठेवली. सप्टेंबर २०२० च्या 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत त्या होत्या, आणि बऱ्याच ठिकाणी आपण शिक्षकही त्यांच्यासोबत होतो. त्यांची अडचण अशी की त्या त्याच गावात राहतात. ज्या घराची माहिती वर कळवायची, त्याच घरच्या बाईबरोबर रोज नळावर पाणी भरायचं. 'तूच आमचं नाव दिलंस' हे ऐकून घ्यायचं. आणि कागदोपत्री त्या कर्मचारी नाहीत, 'स्वयंसेविका'. पगार नाही, मानधन.

जून २०२१ मध्ये राज्यातल्या हजारो आशा संपावर गेल्या. काहींनी तेव्हा म्हटलं, 'महामारीत संप?' पण विचार करा. रुग्णांची काळजी असलेल्या बाईला काम थांबवायची वेळ येते, तेव्हा तिच्याही मनात ओढाताण चालू असतेच. मानधनवाढीचं आश्वासन मिळाल्यावर त्या कामावर परतल्या. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा जागतिक पुरस्कार देऊन गौरव केला. गौरव आणि मानधन या दोन गोष्टी मुलांसमोर शेजारी-शेजारी ठेवा. चर्चा आपोआप सुरू होते.

५. पूर ओसरला, गाळ राहिला

'आता कोविड संपला, मग अजून कसलं दुःख?' असं कुणी विचारेल. एपस्टाइन आणि हॅमरिक या दोन अमेरिकन अभ्यासकांनी २००९ मध्ये, म्हणजे कोविडच्या आधीच, याचं उत्तर दिलं होतं. प्रत्येक घुसमटीच्या प्रसंगानंतर ताण कमी होतो, पण पूर्ण शून्यावर येत नाही. थोडा मागे राहतो. पुढचा प्रसंग त्या उरलेल्यावर चढतो. असं साठत जातं.

मुलांना नदीचं उदाहरण द्या. पूर ओसरतो, पण घरात गाळ राहतो. तो काढला नाही आणि पुन्हा पूर आला, तर गाळाचा थर वाढतो. काही दिवसांनी उंबराच दिसेनासा होतो. काही जण मग नोकरी सोडतात. काही जण नोकरीत राहतात पण मनाने बाहेर पडतात : रुग्णाचं नाव घेत नाहीत, 'बेड नंबर सात' म्हणतात. आपल्याला ते माणूसघाणेपणाचं वाटतं. पुष्कळदा ते जिवंत राहण्यासाठी केलेलं कातडं जाड करणं असतं.

६. 'योद्धा' म्हणण्यात अडचण काय?

हेतू चांगलाच असतो. पण योद्ध्याने तक्रार करायची नसते. देवाला भूक लागत नाही. एकदा का आपण नर्सला देवी केलं, की 'मला आठ तासांनी घरी जायचंय', 'मला मास्क द्या', 'मला भीती वाटते' ही तिची वाक्यं आपल्याला खुपायला लागतात. आणि लढाईत मरण अपेक्षित असतं, म्हणून कुणी गेलं की 'शहीद' म्हणून आपण मोकळे होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळात जगभरात ८० हजार ते १ लाख ८० हजार आरोग्य कर्मचारी कोविडने गेले असावेत. हा आकडा फक्त नमस्कार करायचा नाही. यातले किती वेळेवर मास्क, लस आणि विश्रांती मिळाली असती तर वाचले असते, हाही प्रश्न आहे.

दरवर्षी ३ जानेवारीला आपण सावित्रीबाईंची गोष्ट सांगतो. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्याजवळ डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात त्या रुग्णांची सेवा करत होत्या. एका आजारी मुलाला त्यांनी स्वतः उचलून दवाखान्यात आणलं, असं सांगितलं जातं. पुढे त्यांनाच प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. गोष्ट सांगावीच. पण तिच्यापुढे एक प्रश्न जोडावा : ६६ वर्षांच्या बाईला मूल उचलून का न्यावं लागलं? तेव्हा कोणती व्यवस्था असायला हवी होती? या प्रश्नाने त्यांचं मोठेपण कमी होत नाही, उलट त्यांनी ज्यासाठी जीव टाकला ते काम पुढे जातं.

७. मग उपाय काय?

'योगा करा, सकारात्मक राहा' एवढ्याने भागत नाही. योग चांगलाच, पण त्याने वॉर्डातल्या नर्सची संख्या वाढत नाही. घुसमटीचे उपाय तिच्या कारणांना भिडणारे हवेत.

- निर्णयाचं ओझं एकट्यावर नको. खाट कोणाला द्यायची हे उपचार करणाऱ्या डॉक्टरने एकट्याने ठरवण्याऐवजी अनुभवी लोकांच्या वेगळ्या गटाने ठरवावं.
- पुरेशी माणसं आणि ठरलेली विश्रांती. ही मेहेरबानी नव्हे, रुग्णाच्या सुरक्षिततेचा भाग आहे.
- बोलायला जागा. काही देशांतल्या रुग्णालयांत डॉक्टर, नर्स, सफाई कर्मचारी एकत्र बसून 'या रुग्णाच्या वेळी मला काय वाटलं' एवढंच बोलतात. चूक कोणाची हे तिथे शोधत नाहीत.
- मदत मागायची लाज नको. न्यूयॉर्कच्या डॉ. लॉर्ना ब्रीन यांनी एप्रिल २०२० मध्ये आपलं आयुष्य संपवलं. मानसिक उपचार घेतले तर व्यवसायावर गदा येईल ही त्यांची भीती होती, असं कुटुंबीयांनी सांगितलं. त्यांच्या नावाने २०२२ मध्ये अमेरिकेत आरोग्य कर्मचाऱ्यांच्या मानसिक स्वास्थ्यासाठी कायदा झाला. आपल्याकडे ऑक्टोबर २०२२ पासून टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. ती सर्वांसाठी आहे, शिक्षक-पालकांसाठीसुद्धा. (डॉ. ब्रीन यांचा संदर्भ मोठ्यांसाठी आहे, वर्गात घेऊ नये.)

८. वर्गात कसं घ्यायचं? (दोन तासिका)

कृती १ : ओळखा पाहू. पुढची वाक्यं फळ्यावर लिहा. ती वर्गासाठी तयार केलेली आहेत. प्रत्येक वाक्य थकवा, बर्नआऊट की नैतिक घुसमट, हे गटात ठरवू द्या.

१. 'बारा तास उभी होते, पाय गेलेत. उद्या सुट्टी आहे, झोपले की बरं वाटेल.'
२. 'कोण आलं, कोण गेलं, आता काहीच वाटत नाही.'
३. 'आजोबांना मुलीशी बोलायचं होतं. मला कळत होतं. पण दहा रुग्ण आणि मी एकटी.'
४. 'मी चांगली नर्स नाहीच, असं वाटायला लागलंय.'

चौथ्या वाक्यावर गटांत मतभेद होतील. होऊ द्या. घुसमट साठत गेली की तिचं बर्नआऊट कसं होतं, हे तिथेच समजावता येतं.

कृती २ : मुलाखत. गावातल्या आशाताई किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या सिस्टरना बोलवा. त्यांची परवानगी आधी घ्या आणि प्रश्न आधी दाखवा. 'तुम्हाला भीती वाटली का?' ऐवजी 'त्या वेळी तुम्हाला काय मिळायला हवं होतं?' असं विचारायला शिकवा. नको वाटलं तर उत्तर न देण्याचा त्यांना हक्क आहे, हेही मुलांना सांगा.

कृती ३ : निबंधाचा नवा विषय. 'कोरोना योद्धा' ऐवजी 'आमच्या आरोग्य केंद्राला काय हवं आहे?' हा विषय द्या. चांगले मुद्दे एकत्र करून ग्रामपंचायतीला पत्र लिहिता येईल. पत्रलेखनाचाही सराव होतो.

एक सावधगिरी : ज्या मुलांच्या घरी त्या काळात मृत्यू झाला, त्यांच्याशी आदल्या दिवशी एकट्याने बोला. त्यांना तासाला बसायचं नसेल तर दुसरं काम द्या. कुणालाही उभं करून 'तुझा अनुभव सांग' म्हणू नका.

९. पालकांसाठी दोन शब्द

घरात कुणी आरोग्य सेवेत असेल, तर मुलाला 'आई दमलीये, त्रास देऊ नकोस' एवढंच सांगून थांबू नका. मुलं त्यातून 'मी त्रास आहे' असा अर्थ काढतात. त्याऐवजी सांगा, 'आज दवाखान्यात आईला जे करायचं होतं ते करता आलं नाही, म्हणून ती गप्प आहे. तुझ्यावर रागावलेली नाही.' आणि तुम्ही स्वतः आरोग्य सेवेत असाल, तर सगळं सांगायची गरज नाही, पण 'काही झालेलं नाही' असं खोटंही सांगू नका. घरातल्या मोठ्यांनी उपदेश न करता दहा मिनिटं ऐकलं, तरी पुष्कळ होतं.

पुढची साथ कधी येईल, कुठली येईल, कुणी सांगू शकत नाही. पण तेव्हा वॉर्डात उभी असणारी नर्स, रात्रपाळीचा डॉक्टर आणि दारोदार फिरणारी आशा आज आपल्याच बाकांवर बसलेली असेल. त्यांच्यासाठी खाटा, माणसं आणि मास्क पुरेसे आहेत का हे विचारणारा सरपंच, नगरसेवक आणि मतदारही याच बाकांवर आहे.

तुमच्या वर्गात ही चर्चा झाली, तर मुलांनी विचारलेले प्रश्न जरूर लिहून ठेवा. पुढच्या वर्षी त्या प्रश्नांपासूनच पाठ सुरू करता येईल.